चढावर आलेली पीबी खरी धरायची का?

दादरच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून सारांश देते.

वय ४४, नोकरी बँकेत, पाच वर्षांपासून धावतात. सपाट रस्त्यावरच्या दहा किलोमीटरमध्ये आजवरचं उत्तम टायमिंग १ तास ४ मिनिटं ५० सेकंद. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्या मलबार हिलवरच्या दहा किलोमीटरमध्ये धावल्या. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरच्या रस्त्याने तीन बत्ती, तिथून रिज रोडने कमला नेहरू पार्क, मग केम्प्स कॉर्नरला उतरून ह्यूजेस रोडने परत चौपाटी, अशा दोन फेऱ्या. टायमिंग आलं १ तास २ मिनिटं ३८ सेकंद. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं, आणि तेही चढावर!

आनंद दुपारपर्यंत टिकला. ग्रुपमधले एक दादा म्हणाले, घड्याळात ९.८ किलोमीटरच दिसतंय, कोर्स छोटा असणार. दुसरे म्हणाले, उतारावर काय, कोणीही पळतं. तिसऱ्यांनी आठवण करून दिली की, दुसऱ्या फेरीत तीन बत्तीच्या आधी ताई चालत होत्या. ग्रुपच्या सरांनी मात्र फर्मान काढलं: जानेवारीतल्या दहा किलोमीटरमध्ये साठ मिनिटांच्या आत यायलाच हवं, उद्यापासून रोज चढ. घरी सासूबाईंनी विचारलं, "कितवा नंबर आला?" उत्तर होतं, दोनशे बारावा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आता बाईंचे प्रश्न असे: ही पीबी, म्हणजे पर्सनल बेस्ट, स्वतःचं आजवरचं उत्तम टायमिंग, धरायची का? मध्ये चाललं तर धावलं असं म्हणता येतं का? साठच्या आतचं मनावर घेऊ का? आणि शर्यतीनंतर दोन दिवस जिने उतरताना मांड्या इतक्या दुखल्या की कठडा धरावा लागला, हे वयामुळे का? शेवटी लिहितात, "सगळ्यांना वाटतं मी फुशारकी मारते. म्हणून मेडल कपाटात ठेवून दिलं."

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि पाचवी एक गोष्ट तुम्ही जाता जाता कंसात लिहून टाकली आहे. मला ती कंसातली गोष्टच जास्त मोलाची वाटली. पण बँकेतल्या बाईला आधी हिशेब लागतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

समजा दादा म्हणतात ते खरं. समजा रस्ता ९.८ किलोमीटरच होता. १ तास २ मिनिटं ३८ सेकंद म्हणजे ३७५८ सेकंद. त्याला ९.८ ने भागलं की किलोमीटरला ६ मिनिटं २३ सेकंद पडतात. त्याच वेगाने राहिलेले दोनशे मीटर पुरे केले असते तर आणखी ७७ सेकंद लागले असते. एकूण झाले १ तास ३ मिनिटं ५५ सेकंद. जुनं टायमिंग १ तास ४ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे तुमच्या विरोधातला सगळ्यांत कडक निकाल मान्य केला तरी ५५ सेकंद तुमच्या खात्यात शिल्लक राहतात. हा भागाकार तुम्हाला चहा उकळेपर्यंत जमला असता. दिवसभर लोकांच्या खात्यांतले पैसे मोजणारी बाई स्वतःच्या सेकंदांची वेळ आली की दुसऱ्याने सांगितलेला आकडा न तपासता सही करते, याचं मला खरंच नवल वाटलं.

आता ते ९.८ आलं कुठून? मनगटावरचं घड्याळ अंतर मोजत नाही, उपग्रहांच्या सिग्नलवरून अंदाज बांधतं. ठरावीक क्षणांनी तुम्ही कुठे आहात याचे ठिपके टाकतं आणि ते जोडत जातं. मोकळ्या मैदानात हे बरं जमतं. वाळकेश्वरच्या उंच इमारतींमधून सिग्नल आपटून येतो, रिज रोडवर झाडांची छत्री, त्यात रस्ता वळणावळणाचा. वळणावर दोन ठिपके सरळ रेषेने जोडले गेले की कोपरा कापला जातो आणि अंतर कमी दिसतं. उलटही होतं. सपाट रस्त्याच्या शर्यतीत पुष्कळांच्या घड्याळात दहाऐवजी १०.१ किंवा १०.२ दिसतं, कारण माणसं गर्दीत डावी-उजवी करत धावतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की कोर्स मोठा होता, माझं टायमिंग कमी धरा. (हो, तेही म्हणणारे एक काका मला माहीत आहेत. दर शर्यतीत त्यांचा कोर्स मोठाच असतो.)

रस्त्यावरच्या शर्यतीची रीतसर मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाला एक मोजयंत्र बसवतात, ते पोलादी फितीने मोजलेल्या पट्ट्यावर आधी तपासून घेतात, आणि मग वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर राखत सगळ्यांत जवळच्या मार्गाने पूर्ण रस्ता मोजतात. त्यातही चूक राहून रस्ता छोटा पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. म्हणजे नीट मोजलेली दहा किलोमीटरची शर्यत कागदावर १०,०१० मीटरची असते. तुमच्या शर्यतीच्या संयोजकांना एक ओळीचा मेल करा: कोर्सची मोजणी सायकलने झाली होती का, कोणी केली? उत्तर 'हो' आलं तर दादांचा मुद्दा संपला. उत्तर आलं नाही, किंवा 'आम्ही गाडीच्या मीटरवर मोजलं' असं आलं, तर वरचा ५५ सेकंदांचा हिशेब आहेच. आणि मेल करताना स्वतःलाही विचारा की, ज्या सपाट शर्यतीत १ तास ४ मिनिटं ५० सेकंद आले, ती कोणी मोजली होती? तो आकडा तुम्ही इतकी वर्षं विनातक्रार वापरताय.

दुसरा आक्षेप उताराचा. 'चढताना गेलं ते उतरताना मिळतं' असं आपण धरून चालतो. पण शरीराचा व्यवहार बचत खात्यासारखा नाही. धावणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब वापरतात: एक टक्का चढ असेल तर किलोमीटरला सात ते नऊ सेकंद जास्त लागतात, आणि एक टक्का उतार असेल तर पाचेक सेकंदच परत मिळतात. मलबार हिलची उंची जेमतेम पन्नास मीटर. दोन फेऱ्या म्हणजे शंभर मीटर चढ आणि तेवढाच उतार. या हिशेबाने चढावर तुमचे सत्तर ते नव्वद सेकंद गेले आणि उतारावर पन्नासेक परत आले. वीस ते चाळीस सेकंद टेकडीने ठेवून घेतले. चढ जितका खडा तितका हा तोटा वाढतो, कारण उतार खडा झाला की माणूस पळायचं सोडून ब्रेक मारत उतरतो.

म्हणजे ग्रुपने प्रश्न उलटा विचारला. 'चढ होता, म्हणून हे टायमिंग खरं का' असं विचारण्याऐवजी 'चढ असूनही हे आलं, तर सपाट रस्त्यावर काय येईल' असं विचारायला हवं होतं. सरांनी ते विचारलं आहे. त्यांच्या उत्तराशी मी सहमत नाही, पण त्याकडे पुढे येते.

विक्रमांच्या जगात उताराचा प्रश्न फार काटेकोर सोडवलेला आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत जागतिक विक्रम मान्य व्हायचा तर सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सुरुवातीपेक्षा शेवट किलोमीटरमागे एक मीटरहून जास्त खाली नको. २०११ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत आला. तेव्हाच्या जागतिक विक्रमाहून जवळपास एक मिनिट कमी. तरी विक्रम म्हणून नोंद झाली नाही, कारण बोस्टनची शर्यत एका गावातून निघून दुसरीकडे संपते आणि एकूण उतरत जाते. पण म्हणून मुताई तेवढ्या वेळात धावला नाही असं कोणी म्हणालं नाही. आणि तुमची शर्यत? चौपाटीवर सुरू, चौपाटीवर संपली. निव्वळ उतार शून्य. ज्या नियमाने मुताईचा विक्रम गेला, त्या नियमातही तुमचे ३७५८ सेकंद बसतात. (जागतिक विक्रमाला आणखी साडेतीन-चार हजार किलोमीटर सराव लागेल, ते सोडा.)

तरीही एक सांगते. पर्सनल बेस्ट या शब्दातलं 'पर्सनल' आपण विसरतो. मान्यता विक्रमाला लागते, पीबीला वही लागते. साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन धावून आलेले माझ्या ओळखीचे बरेच जण ते टायमिंग वेगळ्या पानावर लिहितात. यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायचा, त्याची तुलना मरीन ड्राइव्हशी कशी करणार? तुम्हीही दोन पानं करा. एकावर सपाट, एकावर चढाचे रस्ते, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख, हवा, मोजणी माहीत असेल तर ती. मलबार हिलचं टायमिंग दोन्ही पानांवर लिहा. सपाट पानावर त्याच्यापुढे 'टेकडी' एवढा शब्द टाका. एकच जपून करा: काही मोठ्या शर्यती सुरुवातीचा गट ठरवताना जुन्या टायमिंगचा दाखला मागतात. तिथे रीतसर मोजलेल्या शर्यतीचंच प्रमाणपत्र द्या, म्हणजे वाद नको.

आता चालण्याचं. तुम्ही लिहिता, "तीस-चाळीस पावलं चालले, आणि नेमकं तेवढंच लोकांनी पाहिलं." चालण्याच्या शर्यतीत धावायला बंदी असते, दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले दिसले की पंच पाटी दाखवतात. धावण्याच्या शर्यतीत चालायला मात्र बंदी नाही. तुम्हाला सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं आहे, एवढीच अट. खड्या चढावर धापा टाकत केलेलं रखडत धावणं आणि लांब पावलांचं चालणं यांच्या वेगात फारसा फरक राहत नाही, पण दमात फार फरक पडतो. डोंगरातल्या शर्यतींत पट्टीचे धावपटू मांड्यांवर हात टेकून चढ चालून जातात आणि माथ्यावर पोचल्यावर सुटतात. तुमच्याच पत्रात आहे की तीन बत्तीनंतर रिज रोडवर तुम्ही सात-आठ जणांना मागे टाकलं. त्या चाळीस पावलांत वाचवलेला श्वास तिथे उपयोगी पडला. मागे राहिलेल्यांत ते तिसरे दादा होते का, हे मी विचारत नाही.

फक्त पुढच्या वेळी चालायचं कुठे, हे आधी ठरवून ठेवा. पाय आपोआप थांबले तर मन खट्टू होतं, आणि परत धावायला लागायला दुप्पट जोर लागतो. 'त्या वळणापासून तिसाव्या पावलापर्यंत चालायचं, एकतिसावं धावायचं' असं घरून ठरवून निघालं की तोच थांबा डावपेच होतो.

मांड्यांचं दुखणं वयाचं नाही, उताराचं आहे. चढताना पोटऱ्या आणि पार्श्वभाग राबतात, छाती भात्यासारखी चालते, पण स्नायूंची मोडतोड कमी होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं ओझं आवरून धरत असतात. या कामाची सवय नसली की त्यांच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, आणि जिना चढताना बरं वाटून उतरताना जीव जातो. दादर स्टेशनचा पूल सोमवारी सकाळी उतरणं म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलंच आहे. पंचविशीतल्या मुलालाही पहिल्या उताराच्या शर्यतीनंतर हेच होतं. चांगली गोष्ट अशी की शरीर हे लक्षात ठेवतं. एकदा उतार सोसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर दुखणं बरंच कमी होतं. म्हणून टेकडीची शर्यत घ्यायची तर तीन-चार आठवडे आधी एक-दोनदा मुद्दाम, हळू, उतार धावून यावं. बहुतेक लोक चढाचाच सराव करतात आणि उतार गृहीत धरतात.

उतरताना मागे झुकू नका. भीतीने आपण मागे रेलतो, टाच आधी आपटते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भरभर, हात जरा फाकलेले, नजर दहा-बारा पावलं पुढे. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर गटाराची झाकणं आणि डांबरात बसलेले खळगे आहेत, ते दिसायला हवेत. मांड्यांचं दुखणं दोन्ही पायांत सारखं असेल आणि चार-पाच दिवसांत गेलं असेल तर निश्चिंत राहा. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, सूज असेल किंवा दुखण्याने झोपमोड होत असेल, तर ग्रुपवर विचारू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता सर. रोज चढ म्हणजे काय? त्यांनी तुमच्यात दम पाहिला, त्याचं मला कौतुक आहे. पण चौवेचाळीसाव्या वर्षी, नोकरी आणि घर सांभाळून, रोज चढ धावणारी बाई जानेवारीपर्यंत एक तर पोटरी धरून बसेल किंवा वैतागून बूट माळ्यावर टाकेल. चढाचा सराव आठवड्यातून एकदा पुरतो. दहा-पंधरा मिनिटं सावकाश धावून अंग गरम करायचं, मग पाऊण ते एक मिनिट जोरात वर, चालत खाली, असं सहा वेळा. दोन आठवड्यांनी आठ वेळा. जोरात म्हणजे शेवटच्या फेरीलाही पहिलीइतकाच वेग राहील एवढंच. पहिल्या दोन फेऱ्यांत मर्दुमकी दाखवून उरलेल्या चार रडतखडत केल्या तर तो सराव वाया गेला.

चढ शोधायला तुम्हाला मलबार हिललाच जायला नको. दादरहून शीवचा किल्ला जवळ आहे, त्या टेकडीवरची वाट छोटी असली तरी पुरते. पश्चिम उपनगरांतल्या वाचकांना आरेतले चढउतार आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता आहे. ठाणेकरांना येऊर, नवी मुंबईकरांना पारसिक आणि खारघरची टेकडी. उड्डाणपुलावर सराव करणारे मी पाहिले आहेत. मी तो सल्ला कोणालाही देत नाही. पहाटे साडेपाचला रिकाम्या पुलावर गाडीवाल्याला माणूस असेल असं वाटतच नाही. त्यापेक्षा इमारतीचा जिना बरा, फक्त लिफ्टने खाली या, गुडघे दुवा देतील.

साठ मिनिटांचं म्हणाल तर पुन्हा भागाकार. तुमचा टेकडीवरचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं १६ सेकंद. साठच्या आत यायला ६ मिनिटांहून कमी लागतील. किलोमीटरमागे सोळा सेकंद, सहा आठवड्यांत. टेकडीने ठेवून घेतलेले तीसेक सेकंद सपाटीवर परत मिळाले, सरावाने आणखी मिनिटभर कमी झालं, हवा थंड असली, तर १ तास १ मिनिटाच्या आसपास येणं मला शक्य वाटतं. साठ हा सरांचा आवडता आकडा आहे, कारण तो गोल आहे. पायांना गोल आकड्याशी काही देणंघेणं नसतं. जानेवारीत ६१ आलं आणि तुम्ही ते अपयश म्हणून घरी आणलं, तर आत्ताचंच पत्र परत लिहाल. सरांना सरळ सांगा, "सर, जानेवारीत ६१, साठचं पावसाळ्यानंतर बघू." चांगला शिक्षक यावर रागावत नाही.

मुंबईच्या हवेचाही यात वाटा असतो. आपल्याकडे घाम येतो, पण दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे ओझं जरा उतरतं. ऑक्टोबरातल्या टायमिंगवरून स्वतःला नावं ठेवणाऱ्या सगळ्याच वाचकांनी हे लक्षात घ्यावं.

आता ती कंसातली गोष्ट. तुम्ही लिहिलं आहे: "(चढावर पेस बघून घाबरायला होतं, म्हणून सुरुवातीलाच घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून टाकलं.)"

मैत्रीण, हीच तुमच्या शर्यतीची गंमत आहे. पाच वर्षं सपाट रस्त्यावर तुम्ही दर दोनशे मीटरला मनगट बघत धावलात. आकडा बरा दिसला की सैल, वाईट दिसला की घाबरून जोर. टेकडीवर तो आकडा निरुपयोगी होता, हे तुम्हाला आधीच कळलं. चढावर किलोमीटरला साडेसात मिनिटं दिसणार, उतारावर साडेपाच, दोन्ही खोटे. मग तुम्ही काय पाहिलं? श्वास. पत्रात तुम्हीच लिहिता की पहिल्या फेरीत चढावर शेजारच्या बाईशी दोन-तीन शब्द बोलता येत होते तेवढ्याच वेगाने गेलात, आणि बोलणं बंद पडलं की आवरतं घेतलंत. दमाचा अंदाज घेऊन, चढावर वेग पडू देऊन, उतारावर पाय सोडून धावण्याची ही पद्धत नवशिक्यांना शिकवताना घसा कोरडा होतो. तुम्हाला ती भीतीमुळे सापडली. म्हणून माझ्या मते दोन मिनिटं बारा सेकंदांचा बराचसा वाटा त्या वळवलेल्या घड्याळाचा असावा, आणि ते सपाट रस्त्यावरही वळवता येतं. जानेवारीत पहिले दोन किलोमीटर घड्याळ आत ठेवून, बोलता येईल अशा दमाने जा. पुढचे पाच, तुटक शब्द फुटतील असे. शेवटच्या तीनमध्ये बोलायचं काही उरलेलं नसेल, ते बरोबर.

असले दिवस ठरवून येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आपल्या माण तालुक्यातल्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दोनच दिवसांनी अंतिम फेरीत, जिथे सगळा देश बघत होता, तिला तीन सेकंद जास्त लागले आणि ती दहावी आली. तिच्या आयुष्यातली उत्तम वेळ प्राथमिक फेरीतली. तुमची वाळकेश्वरच्या चढावरची. असेल.

राहिलं फुशारकीचं. 'सगळ्यांना वाटतं' असं तुम्ही लिहिलं आहे, पण मोजून पाहिलं तर बोलले तिघेच, आणि तुमच्या ग्रुपमध्ये माणसं आहेत बावीस. बाकीच्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही स्वतःच लावलात. त्यातल्या दोघी-तिघींना आनंद झाला असेल आणि दादांच्या पुढे बोलायचं धैर्य झालं नसेल, हे शक्य नाही का? त्या तिघांवरही मी फार रागावलेली नाही. टेकडीवर त्यांचं स्वतःचं टायमिंग काय आलं, ते त्यांनी ग्रुपवर टाकलं का, एवढंच बघा.

सासूबाईंचा प्रश्न तर मला अगदी रास्त वाटला. शाळेपासून आपल्याकडे शर्यत म्हणजे नंबर. दोनशे बारावा नंबर ऐकून त्या गप्प बसल्या, त्या बहुधा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्यांना सेकंदांत सांगू नका. वाळकेश्वर त्यांना माहीत असेल, बाणगंगेला किंवा कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटाला त्या कधी तरी गेल्याच असतील. सांगा, "आई, चौपाटीवरून म्हातारीच्या बुटापर्यंत धावत चढले, खाली उतरले आणि परत एकदा तेच केलं." मग त्या काय म्हणतात ते मला कळवा. मेडल दाखवायला तेव्हा कपाटातून काढावं लागेलच. परत आत ठेवायची घाई करू नका.